वहीवर सही मिळणार नाही

तुमच्या प्रॅक्टिकलच्या वह्या मी सही न करता परत पाठवल्या आहेत. सगळ्यांच्या. ऑफिसात जाऊन कुरकुर झाली, दोघा-तिघांचे वडील येऊन भेटून गेले, एका काकांनी तर 'मॅडम, एका सहीसाठी पोरीचं वर्ष वाया घालवता का?' असंही विचारलं. तेव्हा एकदाच आणि सगळ्यांसमोर सांगते. मध्ये कुणी बोलायचं नाही.

वॉर्डातले तुम्ही भरलेले चार्ट मी खाटेखाटेपाशी उभी राहून तपासले. ताप घेतलेला होता, कारण थर्मामीटर लावताना नातेवाईक बघत असतात. बीपी यंत्र सांगतं, ते तुम्ही उतरवलं. नाडी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरून उचलली, मनगटाला हात कुणीच लावला नाही. आणि श्वास? पहिल्या खाटेवर २०. दुसऱ्या खाटेवर २०. तिसऱ्या खाटेवर २०. ऑपरेशन होऊन गुंगीत पडलेल्या बाईचे २०, तापाने फणफणलेल्या पोराचे २०, दम्याच्या म्हाताऱ्याचेही २०. वरपासून खालपर्यंत सगळा वॉर्ड एका लयीत श्वास घेत होता म्हणायचा! मी त्या म्हाताऱ्याच्या उशाशी घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजलं. ३४ भरले. गळ्याच्या खाली खळगा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या, दोन शब्द बोलून तो थांबत होता. आणि त्याच्या चार्टवर वळणदार अक्षरात २०, वेळ सकाळी आठ, खाली झोकदार सही. सिस्टरना हाक मारली, डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लागला, म्हातारा सावरला. तो सावरला यात तुमचा काडीचाही वाटा नाही.

याला चूक म्हणायची माझी तयारी नाही. बीपीचा पट्टा सैल बांधला ही चूक. थर्मामीटर लवकर काढलं ही चूक. चुका करायलाच तुम्ही इथे आला आहात आणि त्या दाखवायला मी आहे, त्यासाठी मी कुणाला कधी रागावलेली नाही. पण न मोजता आकडा लिहिणं ही शुद्ध लबाडी आहे. रात्रपाळीचा डॉक्टर त्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढच्या खाटेकडे जातो. तुम्ही त्या डॉक्टरला फसवता, आणि त्याच्यामार्फत ज्याला बोलायचंही त्राण नाही अशा माणसाला फसवता.

'मॅडम, श्वासाचं कोण एवढं बघतं?' हे तुमच्यातल्याच एकीचं वाक्य आहे. मी बघते. आणि या वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या प्रत्येकाने बघायला हवं. तुम्ही देवळी, सेलू, समुद्रपूरकडची, कास्तकारांची लेकरं. पावसाळ्यात घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा काय होतं, ते तुम्हाला पुस्तकातून वाचायची गरज नाही. दुखत नाही, सुजत नाही, दाताच्या खुणाही दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोबडी वळते, आणि हळूहळू छातीचे स्नायू काम सोडतात. त्याचा मृत्यू पहिल्यांदा दिसतो तो श्वासात. आणि फवारणी? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. आपल्याकडचे पेशंटही दर हंगामात येतातच, कुणी फवारताना बाधलेले, कुणी कर्जापायी डबा तोंडाला लावलेले. अशा माणसाला औषध सुरू होतं, लाळ थांबते, डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ववत होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो चहा मागतो. नातेवाईकांना वाटतं, वाचला. आणि नेमकं तेव्हाच काहींची मान उशीवरून उचलेनाशी होते, श्वास उथळ आणि भराभर पडू लागतो. ते ज्याने वेळेवर पाहिलं त्याचा पेशंट व्हेंटिलेटरवर जाऊन वाचतो. ज्याने चार्टवर २० लिहिलं त्याचा पेशंट पहाटे चार वाजता गार पडलेला सापडतो. आता पुन्हा विचारा, श्वासाचं कोण बघतं म्हणून.

तुम्ही बारावी झालेली मुलं. काही जण सायन्सची, मोबाईलमध्ये स्टॉपवॉच असलेली. गडचिरोलीतल्या दायांची गोष्ट सांगते, ती कान उघडे ठेवून ऐका. डॉ. अभय बंग आपल्या इथलेच, सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकलेले. त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. तिथे लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती आणि गावात डॉक्टर पोचत नव्हता. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजायला हवेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त घेत असेल तर धोका. पण गावच्या दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, अनेकींची मोजणी बारावर संपायची. म्हणून बंगांनी काय केलं, तर एक साधं साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत ठरलेले मणी सरकून गेले, की बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचं. अक्षरओळख नसलेल्या त्या बाया अंगणात बसून बाळाच्या पोटाकडे टक लावून मणी सरकवत राहिल्या. त्यांनी कुठल्याही बाळापुढे अंदाजे आकडा लावला नाही, कारण ते बाळ त्यांच्याच गल्लीतलं होतं.

पुढे त्याच संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला कोरडं करून गुंडाळणं, वजन करणं, ताप आणि थंडी ओळखणं, श्वास अडकला तर पिशवी-मुखवट्याने हवा देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. ३९ गावांतल्या त्या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं होतं. सरकारने पुढे ती पद्धत आशाताईंच्या कामात घेतली. ज्या बायांनी हे केलं त्यांच्याकडे तुमच्यासारखा पांढरा कोट नव्हता, गळ्यात आयकार्ड नव्हतं. त्यांचं शिक्षण मात्र कडक होतं. शिकवायचं, करून दाखवायचं, त्यांच्याकडून करून घ्यायचं, मग त्यांच्या मागे गावोगाव फिरून त्यांनी लिहिलेलं खरं आहे का ते घरोघर तपासायचं. चुकलं तर पुन्हा शिकवायचं. कौशल्य शिक्षण असं असतं. त्यात तपासणी काढून टाकली की मागे फोटो आणि हारतुरे उरतात.

आणि हे मी कुठे उभी राहून सांगते आहे? वर्ध्यात. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये, २२ आणि २३ तारखेला, या गावात देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले होते. गांधीजी अध्यक्ष होते, झाकीर हुसेन समिती तिथे नेमली गेली, आणि हाताने काम करत शिकायचं, शिक्षण कामातून द्यायचं, ही 'नई तालीम' इथून निघाली. जिल्ह्यातल्या शाळांची पोरं सेवाग्रामला सहलीला जातात, बापूकुटीसमोर फोटो काढतात, डबा खातात, परत येतात. तुम्हीही गेला असाल. त्याच आवारात एक परचुरे कुटी आहे, तिच्यापुढे किती जण थांबलात? संस्कृतचे मोठे पंडित असलेले परचुरे शास्त्री, महारोगाने अंग झडलेले, १९३९ साली आश्रमाच्या दाराशी आले. त्या काळी अशा माणसाला घरचेही गावाबाहेर ठेवत. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीशेजारी जागा दिली आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केलं. देशाचा लढा चालवणारा माणूस, भेटीसाठी व्हाइसरॉयची पत्रं येत होती, आणि तो रोज वेळ काढून एका महारोग्याचे पाय चोळत होता. त्याच्याही आधी, १९३६ साली, विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. मनोहरजी डॉक्टर नव्हते. जखमा धुता धुता, पट्ट्या बांधता बांधता ते शिकले.

हा वारसा सांगून मला तुमची छाती फुगवायची नाही, तुम्हाला लाज वाटावी म्हणून सांगते आहे. कारण मागच्या आठवड्यात पुरुष वॉर्डात एका पेशंटने भांडं मागितलं तेव्हा तुमच्यातले चौघे जण तिथेच उभे होते. चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, 'मामांना बोलवतो, ते त्यांचं काम आहे.' मामा जेवायला गेले होते. पेशंटने अंथरुणातच केलं, आणि नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तो माणूस तुमच्या वडिलांच्या वयाचा होता. त्याला झालेली लाज तुमची होती, ती तुम्ही त्याच्या माथी मारलीत.

मामांचं काम, मावशींचं काम, सिस्टरचं काम, आणि तुमचं काम कोणतं? कोट घालून रील करायचं? तुमचा कोर्स रुग्णसेवा सहाय्यकाचा आहे. रुग्णाला आंघोळ घालणं, तोंड धुऊन देणं, भरवणं, भांडं देणं, कूस बदलणं, चालवणं, चार्ट भरणं, सिस्टरला वेळेवर सांगणं. हेच काम आहे, यातलं काहीही हलकं नाही, आणि यातलं काहीही आपोआप येत नाही.

कूस बदलण्याचंच घ्या. तुम्हाला वाटतं, धरलं आणि ढकललं. लकवा मारलेल्या एका आजीला तुम्ही दोघींनी चादरीवरून ओढत वर सरकवलं, मी दारातून बघत होते. ओढलं की कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतलं मांस हाडाबरोबर पुढे जातं. आत बारीक रक्तवाहिन्या तुटतात, बाहेर काहीच दिसत नाही. दोन दिवसांनी माकडहाडावर लाल चट्टा उठतो. त्यावर बोट दाबा. बोट उचलल्यावर जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर बेडसोअर सुरू झाला. आठवड्याभरात तिथे खड्डा पडतो, त्यात पू होतो, हाड दिसतं. मग तीच आजी लकव्याने न मरता पाठीच्या जखमेने मरते. म्हणून दोघींनी दोन बाजूंना उभं राहायचं, खालची चादर गुंडाळून मुठीत धरायची, एकीने एक-दोन-तीन म्हणायचं, उचलायचं, ओढायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला आणि गुडघ्यांमध्ये उशी लावायची, टाचा अधांतरी ठेवायच्या, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, ओलं राहू द्यायचं नाही. दर वेळी माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, खांद्याची पाती बोटाने दाबून बघायची आणि जे दिसेल तेच लिहायचं. हे करताना आजीशी बोलायचं, आता तुम्हाला उजवीकडे वळवते म्हणून सांगायचं. तिला बोलता येत नसलं तरी ऐकू येतं. हे एवढंसं काम ज्या हाताने शंभर वेळा केलं आहे त्याच हाताला ते जमतं, आणि ते शंभर वेळा करायचं ठिकाण वॉर्ड हेच आहे. वहीत तुम्ही लिहिलंय, 'पोझिशन चेंज, पंचवीस वेळा.' वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, पाच वेळाही तुम्हाला पाहिलं नाही.

आता पालकांशी बोलते. भाऊ, काका, ताई, तुमच्यावर माझा जोर चालत नाही, तरी सांगते. तुम्ही मला म्हणता, 'डॉक्टर होईल असं वाटलं होतं, नीटमध्ये नंबर लागला नाही, आता निदान सर्टिफिकेट तरी हातात पडू द्या.' म्हणजे हे शिक्षण तुमच्या लेखी उरलंसुरलं आहे. पोरगी रात्रपाळी करते हे नातेवाइकांत सांगायला तुम्हाला जड जातं. पोरगा पेशंटचं भांडं उचलतो हे ऐकून तुमचं तोंड वाकडं होतं. तीच लाज पोरं वॉर्डात घेऊन येतात. आणि मग तुमचीच आई अंथरुणाला खिळते तेव्हा तुम्ही गावभर विचारत फिरता, कुणी चांगली बाई मिळेल का हो दिवसभर बघायला. ती चांगली बाई कुठून यायची? ती या वर्गातूनच यायची होती. तिला तुम्ही घरी नेऊन 'स्पर्धा परीक्षा दे' म्हणालात.

संस्था चालवणाऱ्यांना सांगायचं आहे ते कडू आहे, आणि ते सौम्य शब्दांत सांगायचा माझा विचार नाही. तीन-चार महिन्यांचा कोर्स करायचा, वर्ग भरल्याचे फोटो अपलोड करायचे, बायोमेट्रिकवर अंगठे घ्यायचे, परीक्षकाला जेवू घालायचं आणि बॅच पास करून टाकायची. मग तीच मुलगी एखाद्या खासगी दवाखान्यात पांढऱ्या कपड्यात सलाईन लावते आणि पेशंट तिला 'सिस्टर' म्हणतो. ती सिस्टर नाही. तुम्ही तिला सिस्टर म्हणून उभं केलं आहे आणि काही विपरीत झालं तर पहिला हात तिच्यावर पडणार आहे, तुमच्यावर नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे, पात्र परिचारिका ठेवणं त्यात बंधनकारक आहे. एएनएमला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन, बीएस्सी नर्सिंगला चार. २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला. लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर यांतल्या सहयोगी व्यावसायिकाला दोन हजार तासांचं शिक्षण हवं असं त्यात लिहिलं आहे. दोन हजार तास! कायदा करणाऱ्यांना एवढे तास का लागले, याचा विचार करा. सहाय्यकाचा कोर्स लहान असू शकतो, असायलाही हरकत नाही, पण मग त्याच्या तासांतला एकही तास कापायचा अधिकार कुणाला नाही. आणि लहान कोर्स केलेल्या मुलीच्या हातात सुई देण्याचा तर मुळीच नाही.

सरकारलाही मी मोकळं सोडत नाही. २०२१ च्या जूनमध्ये कोविडच्या लाटेतून आपण जेमतेम वर येत होतो, तेव्हा देशात एक लाखाहून जास्त तरुणांना आरोग्यसेवेचं झटपट प्रशिक्षण द्यायचं जाहीर झालं. होम केअर, बेसिक केअर, अॅडव्हान्स केअर, इमर्जन्सी केअर, नमुने गोळा करणं, उपकरणं सांभाळणं, अशा सहा प्रकारांत. आपल्या राज्यानेही तशीच योजना काढली. आगीच्या वेळी बादली हातात देणं योग्यच होतं, त्याला माझा आक्षेप नाही. पण साथ ओसरल्यावर त्या मुलांची पुढची पायरी काय? त्यांना एएनएमला सवलतीने प्रवेश? प्राथमिक आरोग्य केंद्रात एखादं पद? पायरीच नसेल तर जिना कसा म्हणायचा? २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान वर्ध्यात आले होते. इथूनच आचार्य चाणक्य कौशल्य विकास योजना सुरू झाली. राज्यभरातल्या महाविद्यालयांत केंद्रं, १५ ते ४५ वयाच्यांना मोफत प्रशिक्षण, वर्षाला सुमारे दीड लाख तरुण. मोठा आकडा आहे. माझी मागणी छोटी आहे. आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं असेल तर ज्या महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेलं नाही तिथे ते देऊ नका. प्लास्टिकच्या पुतळ्याला लाज वाटत नाही, कण्हता येत नाही, घाबरता येत नाही. त्याच्यावर तीन महिने शिकलेला पोरगा पहिल्याच खऱ्या उलटीला पळून जातो.

तुटवडा तुटवडा म्हणून सगळे ओरडतात, त्याचं गणित एकदा मांडून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दर दहा हजार लोकांमागे डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी मिळून साडेचव्वेचाळीस जण हवेत. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाखांवर होती. म्हणजे सुमारे ५,८०० माणसं. वर्धा शहराच्या एका बाजूला सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला सावंगी, दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं एवढ्याशा अंतरात आहेत. देशात असे जिल्हे फार नाहीत. पांढरे कोट मोजायला बसलात तर वर्धा श्रीमंत दिसेल. पण उत्तरेला आष्टी आणि कारंजा, इकडे समुद्रपूर, गिरड, तिथल्या माणसाला रात्री दोन वाजता कोण बघतं? प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅबचा एकच माणूस असतो. तो रजेवर गेला की थुंकी तपासायची राहते, टीबीचा पेशंट तसाच खोकत गावभर फिरतो. ती एक खुर्ची भरलेली आहे की रिकामी, यावर सगळ्या केंद्राचं काम उभं राहतं. ही खुर्ची भरायला डॉक्टर लागत नाही. आष्टीचीच एखादी मुलगी लागते, जिला नीट शिकवलं आहे आणि जी पगार वेळेवर मिळाला तर आष्टीतच राहील.

१९४४-४५ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामात छोटा दवाखाना चालवला, त्याचं कस्तुरबा रुग्णालय झालं, आणि १९६९ साली तिथे देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. आजही तिथले एमबीबीएसचे विद्यार्थी सुरुवातीला आश्रमात राहतात, श्रमदान करतात, एकेक तुकडी एकेक गाव दत्तक घेते. पुढे तिथल्याच डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांना सांगितलं, सुगीला ज्वारी द्या, तुमच्या आजारपणाची हमी आम्ही घेतो. लोकांनी ज्वारी मोजून दिली. ज्यांच्या कणगीत फारसं काही नव्हतं त्यांनीही आपल्या ऐपतीप्रमाणे दिली. तुमच्यातल्या कुणाचे आजी-आजोबाही त्यात असतील. या जिल्ह्यातल्या गरिबांनी आरोग्याची किंमत आधीच मोजलेली आहे. त्या माणसांच्या चार्टवर तुम्ही खोटे आकडे लिहिता.

तुमची एक तक्रार मी खरी मानते. पगार. खासगी दवाखान्यात बारा-बारा तास राबवून हातावर जे टेकवतात त्यात वर्ध्यात खोलीचं भाडंही भागत नाही. कंत्राटी नेमणूक, महिनोन् महिने थकलेलं मानधन, सुट्टी मागितली तर उद्यापासून येऊ नका. यावर तुम्ही मोर्चा काढला तर मी पहिल्या रांगेत चालेन, माझं नाव लिहून ठेवा. मागणीच्या अर्जाचा मसुदाही मी करून देईन. पण पगार कमी आहे म्हणून श्वास मोजणार नाही, हे मला सांगायचं नाही. तो म्हातारा तुमचा मालक नव्हता. त्याने तुमचा एक रुपयाही ठेवलेला नाही.

आता काय करायचं ते सांगते. वह्या कोऱ्या करून आणा, जुनी पानं फाडून. प्रत्येक प्रात्यक्षिक पुन्हा होईल, वॉर्डात, खऱ्या पेशंटवर, सिस्टर किंवा मी समोर असताना, आणि सही त्याच क्षणी होईल, महिन्याच्या शेवटी गठ्ठ्याने नाही. भांडं देणं आणि स्पंज बाथ प्रत्येकाला करावा लागेल, मुलगे-मुली सगळ्यांना, कुणाचीही जात, कुणाचंही घराणं मध्ये येणार नाही. रात्रपाळ्या लागतील. चार्टवर एक जरी बनावट आकडा सापडला तर त्या दिवशी वॉर्ड बंद, दुसऱ्यांदा सापडला तर नाव कमी. परीक्षा पुढे गेली तर जाऊ द्या. तुमच्या वडिलांना मी सांगेन, ऑफिसलाही सांगेन, आणि वर कुणाला विचारायचं असेल तर त्यांनी मला विचारावं.

ज्याला हे जमणार नाही त्याने आजच येऊन अर्ज द्यावा. मी राग धरणार नाही, दाखला लगेच मिळेल. आष्टीकडच्या आणि समुद्रपूरच्या मुली प्रवेशाच्या यादीत थांबलेल्या आहेत, रिकामी झालेली जागा त्यांच्यातल्या एकीला देईन.